डिलीट केलं, तरी जागा होईना!

मे महिन्यात मेसच्या रिफंडची यादी एक दिवस उशिरा लागली हे तुमच्यातल्या बऱ्याच जणांना आठवत असेल. काहींची त्याच रात्रीची गाडी होती आणि रिफंडच्या पैशांवरच तिकीट काढायचा बेत होता. नोटीस बोर्डावर 'तांत्रिक कारणामुळे' एवढंच लिहिलं होतं. ते तांत्रिक कारण म्हणजे आमचा चौघांचा प्रोजेक्ट ग्रुप, आणि त्यातही शेवटची कमांड दिली होती मी! त्यामुळे हा लेख मीच लिहायचा असं ग्रुपमध्ये एकमताने ठरलं. (एकमत म्हणजे तीन विरुद्ध एक.)

डीबीएमएसच्या पेपरसाठी आपण नॉर्मलायझेशन घोकतो, ईआर डायग्राम काढतो, जॉईनच्या क्वेऱ्या पाठ करतो. पण तो डेटाबेस ज्या डिस्कवर झोपतो आणि ज्या रॅममध्ये काम करतो, तिचा कारभार कसा चालतो हे असतं शेवटच्या युनिटमध्ये. आणि शेवटचं युनिट आपण ऑप्शनला टाकतो. सिल्बरशाट्झ, कोर्थ आणि सुदर्शन यांच्या त्या जाड पुस्तकात बफर आणि रिकव्हरीवर चांगली मोठी प्रकरणं आहेत. (यातले सुदर्शन म्हणजे पवईच्या आयआयटीत वर्षानुवर्षे शिकवलेले सर, हे मला थर्ड इयरला कळलं. तोपर्यंत मी त्यांना अमेरिकन समजत होते.) ती प्रकरणं मी ऑप्शनला टाकली होती. व्हायचं ते झालं.

आता सर्व्हरची ओळख. फार काही ग्रँड नाही. लॅबच्या कोपऱ्यातला एक पीसी, ८ जीबी रॅम, १२० जीबीची एसएसडी, वर लिनक्स आणि त्यावर पोस्टग्रेस. दोन्ही हॉस्टेल मिळून साधारण ६४० जण. प्रत्येकाचे दिवसाला चार पंच: नाष्टा, दुपारचं जेवण, चहा, रात्रीचं जेवण. म्हणजे दिवसाला अडीच हजार नोंदी, एका सेमिस्टरला तीन लाखांच्या आसपास. चार सेमिस्टरच्या मिळून बारा लाख. ऐकायला खूप वाटतं ना? पण एक नोंद म्हणजे साठेक बाइट. पोस्टग्रेस प्रत्येक नोंदीच्या डोक्यावर स्वतःची २४ बाइटची टोपी घालतो आणि पानाच्या सुरुवातीला तिचा पत्ता म्हणून आणखी ४ बाइट घेतो, ते धरूनसुद्धा. इंडेक्स मिळवले तरी सगळा डेटा दीडशे एमबीच्या आत. एका सिनेमाएवढासुद्धा नाही!

आणि तरी त्या रात्री साडेअकराला १२० जीबीची डिस्क भरली होती. पन्नासेक एमबी शिल्लक. आता सांगा, दीडशे एमबीच्या डेटाने १२० जीबी कसे खाल्ले?

आम्ही हा प्रश्न विचारलाच नाही. डिस्क भरली म्हणजे पसारा वाढला, पसारा वाढला म्हणजे जुनं फेकायचं, हा हॉस्टेलच्या रूमचा नियम आम्ही तिथे लावला. पहिल्या दोन सेमिस्टरचा हिशोब कधीच मिटलेला होता. मी डिलीटची क्वेरी लिहिली, सहा लाख नोंदी उडतील अशी, आणि एंटर मारलं. सगळे डिस्कच्या आकड्याकडे बघत होते. पन्नासचे चाळीस झाले. मग पंचवीस. मग सर्व्हर बंद पडला.

जागा करायला म्हणून डिलीट केलं आणि जागा कमी झाली! इथून पुढचं खरं समजून घ्यायचं आहे.

डिलीट म्हणजे पुसणं नव्हे

पोस्टग्रेस डिस्कवर सगळं ८ केबीच्या पानांमध्ये ठेवतो. (माय-एसक्यूएलच्या इनोडीबीचं पान १६ केबीचं असतं.) आपण एखादी नोंद डिलीट केली की तो त्या पानावर जाऊन नोंद खोडत नाही. नोंदीच्या त्या २४ बाइटच्या टोपीत फक्त लिहितो, की अमुक क्रमांकाच्या ट्रान्झॅक्शनने हिला रद्द केलं. नोंद तिथेच. अपडेट केलं तरी तेच: जुनी नोंद रद्द म्हणून मार्क होते आणि नवी दुसरीकडे लिहिली जाते.

असं का? कारण त्याच क्षणी दुसरं कोणीतरी ती नोंद वाचत असू शकतं. समजा मेस सेक्रेटरी महिन्याचा रिपोर्ट काढतोय, त्याला पाच मिनिटं लागणार आहेत, आणि मध्येच कोणीतरी खाडे दुरुस्त करतं. रिपोर्टचा वरचा अर्धा भाग जुन्या आकड्यांचा आणि खालचा नव्या आकड्यांचा, असं होऊन कसं चालेल? म्हणून रिपोर्ट सुरू झाला तेव्हाचं चित्र त्याला शेवटपर्यंत दिसत राहिलं पाहिजे. तोवर जुन्या नोंदी जपून ठेवायच्या. वाचणारा लिहिणाऱ्याला थांबवत नाही, लिहिणारा वाचणाऱ्याला थांबवत नाही. याची किंमत म्हणजे मेलेल्या नोंदींचा ढीग.

ही कल्पना पोस्टग्रेसच्या जन्मापासूनची आहे. मायकेल स्टोनब्रेकर यांनी बर्कले विद्यापीठात हा प्रोजेक्ट १९८६ च्या सुमारास सुरू केला आणि १९८७ साली त्याच्या स्टोरेजवर पेपर लिहिला. त्यांचा विचार तर याहून मोठा होता: काहीच खोडायचं नाही, जुन्या नोंदी हळूहळू एकदाच लिहिता येणाऱ्या ऑप्टिकल डिस्कवर सरकवायच्या आणि इतिहास कायमचा जपायचा. ते सरकवण्याचं काम करणाऱ्या प्रोग्रामचं नाव व्हॅक्यूम. पुढे इतिहास जपायचा भाग गळून पडला, पण व्हॅक्यूम राहिला. स्टोनब्रेकर यांना २०१४ चं ट्युरिंग अवॉर्ड मिळालं.

आजचा व्हॅक्यूम मेलेल्या नोंदी शोधतो आणि ती जागा 'पुन्हा वापरायला मोकळी' असं लिहून ठेवतो. कोणासाठी मोकळी? त्याच टेबलासाठी. ऑपरेटिंग सिस्टिमला तो ती जागा परत देत नाही (फाइलच्या अगदी शेपटाकडची पानं रिकामी झाली तर तेवढी देतो). आपल्या भाषेत सांगायचं तर, रूममधली एक कॉट रिकामी झाली म्हणून वॉर्डन रूमची भिंत तोडत नाहीत, पुढच्या ॲडमिशनला ती कॉट देतात. त्यामुळे डिलीटनंतर डिस्कचा आकडा हलला नाही तर घाबरायचं नाही. इनोडीबीतही टेबलाची फाइल डिलीटने आटत नाही, म्हणजे ही काही पोस्टग्रेसचीच खोड नाही.

जागा खरंच परत हवी असेल तर 'व्हॅक्यूम फुल' आहे. तो अख्खं टेबल नव्या फाइलमध्ये लिहून काढतो आणि मग जुनी फाइल टाकतो. नीट वाचा: आधी नवी फाइल, मग जुनी जाते. म्हणजे डिस्क भरली असताना चालवायला गेलात तर त्यालाच जागा मिळणार नाही. शिवाय काम होईपर्यंत टेबलाला पूर्ण कुलूप, सिलेक्टसुद्धा चालत नाही. जेवणाच्या वेळेत चालवलात तर मेसच्या दारात रांग लागेल आणि रांगेतले लोक तुम्हाला ओळखतात.

साधा व्हॅक्यूम मात्र पोस्टग्रेस स्वतःच मागे चालवत असतो. मूळ सेटिंगप्रमाणे टेबलाच्या २० टक्के अधिक ५० नोंदी मेल्या की त्याला जाग येते. बारा लाखांच्या टेबलाला म्हणजे २,४०,०५० नोंदी मरेपर्यंत तो झोपलेला! टेबल मोठं असेल तर ही टक्केवारी त्या टेबलापुरती कमी करता येते, आणि करावी.

पण व्हॅक्यूम जागा झाला तरी प्रत्येक वेळी काम करू शकतोच असं नाही. आमच्यातल्या एकाने एका शुक्रवारी लॅबमधल्या मशीनवर 'बिगिन' टाईप करून ट्रान्झॅक्शन उघडलं, दोन क्वेऱ्या मारल्या आणि स्क्रीन लॉक करून घरी गेला. कमिट नाही, रोलबॅक नाही. सोमवारी तो येईपर्यंत त्या ट्रान्झॅक्शनला शुक्रवारचं चित्र दिसायला हवं, म्हणून शुक्रवारनंतर मेलेली एकही नोंद व्हॅक्यूमला हलवता येईना. टेबल जवळपास तिप्पट झालं. तो काहीच करत नव्हता, हे महत्त्वाचं. नुसता दारात पाय अडकवून उभा होता. अशा लोकांसाठी 'आयडल इन ट्रान्झॅक्शन सेशन टाइमआउट' नावाची सेटिंग ९.६ व्हर्जनपासून आहे. आम्ही दहा मिनिटं ठेवली आहे.

रोजमेळ आणि खतावणी

आता परत त्या रात्रीकडे. डिलीटने जागा होत नाही हे कळलं, पण कमी का झाली? दीडशे एमबी सोडून बाकीचं काय होतं?

डिस्कवर कोणता फोल्डर किती खातो ते बघितलं. एकटा 'पीजी वॉल' नावाचा फोल्डर ५८ जीबी! आत प्रत्येकी १६ एमबीच्या साडेतीन हजारांहून जास्त फायली, नावं म्हणजे नुसते आकडे. आमच्यातली एक म्हणाली, "अगं, लॉगच तर आहेत. उडव सगळ्या." माझी बोटं कीबोर्डवर होती. तेवढ्यात फोनवर बोलावलेले सिस्टिमवाले सर आले, रात्री एक वाजता, घरच्या चपला घालून. स्क्रीन बघितला आणि म्हणाले, "आधी खुर्चीतून उठ बघू."

त्या फायली म्हणजे काय ते सांगते. मेसचे हिशोब बघणारे काका दोन वह्या ठेवतात. एक रोजमेळ: भाजीवाला आला, लिही. गॅस आला, लिही. घडेल तसं, एकाखाली एक, पटापट. दुसरी खतावणी: तिथे भाजीचं खातं वेगळं, गॅसचं वेगळं, आणि रोजमेळातून सवडीने त्यात उतरवायचं. (आम्ही शाळेत डे-बुक आणि लेजर शिकलो होतो. रोजमेळ हा शब्द मी काकांकडूनच पहिल्यांदा ऐकला.) गडबडीच्या वेळी रोजमेळात नोंद झाली की काका निश्चिंत. खतावणी अर्धवट असताना चहा सांडला तरी रोजमेळावरून ती परत लिहून काढता येते.

डेटाबेसची टेबलं म्हणजे खतावणी आणि वॉल म्हणजे रोजमेळ. वॉल हे 'राइट अहेड लॉग'चं लघुरूप, म्हणजे आधी लिहायचा लॉग. कमिट म्हटलं की आधी वॉलमध्ये लिहून ते खरोखर डिस्कवर पोचल्याची खात्री करायची, मगच 'झालं' म्हणून सांगायचं. टेबलाचं पान रॅममध्ये बदललेलं असतं, ते डिस्कवर मागाहून सवडीने जातं. मध्ये लाइट गेली तर पुन्हा सुरू होताना वॉल वाचून टेबलं दुरुस्त करायची. या कल्पनेचं सगळ्यात गाजलेलं रूप म्हणजे एरीज, १९९२ साली आयबीएमच्या अल्माडेन संशोधन केंद्रातल्या सी. मोहन आणि सहकाऱ्यांनी मांडलेलं. मोहन हे आयआयटी मद्रासचे, आणि तेही केमिकलचे! आमच्या केमिकलच्या मित्रांनी हे वाक्य कापून रूममध्ये लावायला हरकत नाही.

आता कोडं सुटतं. माझी डिलीटची क्वेरी सहा लाख नोंदींना 'रद्द' असं मार्क करत होती, आणि प्रत्येक मार्क आधी रोजमेळात लिहिलं जात होतं. वर चेकपॉइंटनंतर पान पहिल्यांदा बदललं की ते अख्खं ८ केबीचं पानसुद्धा वॉलमध्ये उतरवलं जातं. उरलेले पन्नास एमबी त्यातच गेले. रोजमेळात लिहायला जागा नाही म्हटल्यावर पोस्टग्रेस पुढे एक पाऊल टाकत नाही, बंद होतो. त्याने दिलेला शब्द त्याला पाळता येणार नसेल तर शब्द द्यायचाच नाही, असा त्याचा हिशोब.

आणि तो फोल्डर उडवला असता तर? शेवटच्या चेकपॉइंटनंतर बदललेली जी पानं अजून टेबलांच्या फायलीत पोचली नव्हती ती दुरुस्त करायचा एकमेव पुरावा गेला असता. सर्व्हर सुरूच झाला नसता. जबरदस्तीने सुरू करायचं एक साधन आहे, पण मग कुठली नोंद खरी, कुठली अर्धी, कोण सांगणार? सहाशे चाळीस जणांचे पैसे! ही चूक जगभरात इतक्या लोकांनी केली, की २०१७ साली दहाव्या व्हर्जनमध्ये त्या फोल्डरचं नावच बदललं. आधी त्याचं नाव 'पीजी एक्सलॉग' होतं, आणि नावात 'लॉग' दिसला की लोक जागा करायला तो पुसायचे. नाव बदलूनही आम्ही पुसायला निघालो होतो, तो भाग वेगळा.

पण रोजमेळ एवढा साठला कसा? खतावणीत उतरून झालं की जुन्या फायली पोस्टग्रेस स्वतःच काढतो किंवा नाव बदलून पुन्हा वापरतो. सगळा वॉल मिळून एक जीबीच्या आसपास राहावा अशी मूळ सेटिंग आहे. ती मर्यादा कडक नाही, पण एकाचे अठ्ठावन्न म्हणजे नक्कीच कोणीतरी धरून ठेवलेलं.

कोणी ते सरांनी दोन मिनिटांत शोधलं. आमच्या आधीच्या बॅचने बाजूच्या लॅबमधल्या एका पीसीवर जुळा सर्व्हर लावला होता. मुख्य सर्व्हरचा वॉल त्याच्याकडे जायचा आणि तो स्वतःची प्रत तयार ठेवायचा. चांगली व्यवस्था. जुळा थोडा वेळ बंद पडला तर त्याने न वाचलेला वॉल मुख्य सर्व्हरने जपून ठेवावा म्हणून 'रेप्लिकेशन स्लॉट' नावाची चिठ्ठी असते. फेब्रुवारीत प्रॅक्टिकलसाठी तो पीसी फॉरमॅट झाला. कोणी कोणाला सांगितलं नाही. इकडे मुख्य सर्व्हर त्याची वाट बघत राहिला. मेसमधल्या मावशी उशिरा येणाऱ्यासाठी ताट झाकून ठेवतात ना, तसं. तो पोरगा कॉलेज सोडून गेला, आणि मावशी रोज एक ताट झाकतायत, शंभर दिवस!

त्यात आमच्या प्रोग्रामचा हातभार. रोज रात्री तो शिल्लकीचं सगळं टेबल पुसून पहिल्या दिवसापासून पुन्हा लिहायचा. दिवसाला अडीच हजार नव्या नोंदी, पण रात्रीला बारा लाखांचं डिलीट आणि बारा लाखांचं इन्सर्ट. म्हणजे रोजचा अर्धा जीबीच्या वर वॉल. शंभर रात्री गुणिले अर्धा जीबी, वर थोडं. गणित जुळलं.

सरांनी आधी त्याच डिस्कवर पडलेल्या लिनक्सच्या दोन आयएसओ फायली पेनड्राइव्हवर हलवल्या. डेटाबेसच्या फोल्डरला हातही लावला नाही. एवढी जागा झाल्यावर सर्व्हर सुरू झाला, वॉल वाचून स्वतःला सावरलं. मग बेवारस स्लॉट काढला, चेकपॉइंट दिला, आणि काही क्षणांत ५८ जीबीचा फोल्डर एक जीबीच्या खाली. आणि माझं डिलीट? ते कमिटच झालं नव्हतं, त्यामुळे सहाच्या सहा लाख नोंदी जागच्या जागी. जी वही आम्ही फेकायला निघालो होतो तिनेच आम्हाला वाचवलं. यादी लागली दुसऱ्या दिवशी दुपारी चारला. ज्यांची गाडी गेली त्यांची माफी मी प्रत्यक्ष मागितली आहे, इथे पुन्हा मागते.

स्लॉटने किती वॉल धरावा याला मर्यादा घालणारी सेटिंग तेराव्या व्हर्जनपासून आहे, पण मूळ किंमत उणे एक, म्हणजे अमर्याद. ती बदलल्याशिवाय स्लॉट लावू नये असं माझं स्पष्ट मत आहे. मर्यादा ओलांडली तर जुळ्याला पुन्हा पहिल्यापासून प्रत घ्यावी लागेल. लागू दे. मुख्य सर्व्हर पडण्यापेक्षा ते परवडलं.

रॅमचा किस्सा

हा त्याच्या आधीचा, दिवाळीच्या सुट्टीपूर्वीचा. तेव्हा प्रश्न डिस्कचा नव्हता, रॅमचा होता, आणि शहाणपण तेवढंच होतं.

डिस्कपेक्षा रॅम हजारपट वेगवान, एसएसडी धरूनसुद्धा. म्हणून वारंवार लागणारी पानं रॅममध्ये ठेवायची. कुठली ठेवणं परवडतं याचं एक सुंदर उत्तर जिम ग्रे आणि फ्रँको पुत्झोलू यांनी १९८७ साली दिलं: जे पान पाच मिनिटांत एकदा तरी लागतं ते रॅममध्ये ठेवा. हा नियम त्यांनी तेव्हाच्या डिस्कच्या आणि रॅमच्या किमती घेऊन, चक्क पैशांत मोजून काढला होता. इंजिनिअरिंग म्हणतात ते हे. किमती बदलल्या तसं गणित नंतर पुन्हा पुन्हा मांडलं गेलं.

पोस्टग्रेसमध्ये या पानांसाठी 'शेअर्ड बफर्स' आहे. मूळ सेटिंग १२८ एमबी, आणि डेटाबेससाठीच ठेवलेल्या मशीनवर एकूण रॅमच्या पाव भागापासून सुरुवात करा असा सल्ला त्याच्या मॅन्युअलमध्येच आहे. आम्ही २ जीबी दिले. एकाला वाटलं ६ दिले तर तिप्पट वेग येईल. अरे, डेटाच दीडशे एमबी! शिवाय पोस्टग्रेस फायली वाचतो त्या ऑपरेटिंग सिस्टिममार्फत, आणि ती स्वतःच्या कॅशमध्येही तीच पानं ठेवते. सगळी रॅम शेअर्ड बफर्सला दिली की तिच्या कॅशला आणि बाकी कामाला काही उरत नाही. डेटाबेस आणि ऑपरेटिंग सिस्टिमचं हे भांडण जुनं आहे, स्टोनब्रेकर यांनी १९८१ सालीच त्यावर पेपर लिहिला होता.

खरा खड्डा वेगळ्याच सेटिंगमध्ये होता: 'वर्क मेम'. सॉर्ट किंवा हॅश करताना एका कामाला किती रॅम वापरता येईल ते यात ठरतं. मूळ किंमत ४ एमबी. तेवढ्यात मावलं नाही तर पोस्टग्रेस डिस्कवर तात्पुरती फाइल करतो आणि काम हळू होतं. शिल्लक दाखवणारी आमची क्वेरी हळू चालत होती. एका सिनिअर दादांनी सांगितलं, वर्क मेम २५६ कर. केलं. क्वेरी पळायला लागली. आम्ही खुश.

नीट वाचायला हवं होतं: ही मर्यादा सर्व्हरची नाही, कनेक्शनचीही नाही, एका सॉर्टची आहे. एका क्वेरीत दोन सॉर्ट आणि एक हॅश असेल तर तिघांना वेगवेगळी, आणि पंधराव्या व्हर्जनपासून हॅशला मुळातच दुप्पट. आमची क्वेरी आधी सगळ्यांच्या सगळ्या नोंदी सॉर्ट करायची आणि मग त्यातला एक विद्यार्थी उचलायची (हसू नका, सेकंड इयरला लिहिली होती). एका वेळी शंभरेक एमबी. टेस्ट करताना आम्ही चौघं होतो, चारशे एमबी, कोणाला कळणार?

सुट्टीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी व्हॉट्सॲपवर मेसेज फिरला, 'मेसची शिल्लक दिसतेय, बघा'. सत्तरेक जणांनी एकदम फोन उघडले. प्रत्येक फोनला नवं कनेक्शन, प्रत्येक कनेक्शनची एक स्वतंत्र प्रोसेस, प्रत्येकीचा सॉर्ट. सत्तर गुणिले शंभर म्हणजे सात जीबी, वर शेअर्ड बफर्सचे दोन, आणि मशीनमध्ये आठ. लिनक्सची रॅम संपली की तो स्वतः एखादी मोठी प्रोसेस निवडून ठार करतो. त्याने पोस्टग्रेसचीच एक निवडली. आता एक प्रोसेस अशी अचानक मेली, तर ती मरताना सगळ्यांच्या सामायिक रॅममध्ये काय अर्धवट लिहून गेली असेल याचा भरवसा नाही. म्हणून पोस्टग्रेस सगळ्यांचीच कनेक्शन तोडतो, वॉल वाचून सावरतो आणि पुन्हा उभा राहतो. उभा राहिला की लोक पुन्हा रिफ्रेश मारायचे. असं चार वेळा झालं.

उपाय रॅम वाढवण्यात नव्हता. मध्ये पीजीबाउन्सर बसवला: फोन कितीही येऊ देत, डेटाबेसकडे एका वेळी दहाच कनेक्शन, बाकीचे रांगेत. मेसच्या काउंटरवर दहाच ताटं वाढली जातात तसं. वर्क मेम पुन्हा ४ केलं, आणि महिन्याच्या रिपोर्टसाठी फक्त त्या ट्रान्झॅक्शनपुरतं ६४ करतो. विद्यार्थ्याच्या नंबरवर इंडेक्स घालून क्वेरी सुधारली, तेव्हा सॉर्ट करायला चारएकशे नोंदीच उरतात, त्याला ४ एमबीसुद्धा खूप. कुठली क्वेरी डिस्कवर सांडते ते 'एक्स्प्लेन ॲनालाइझ' स्पष्ट सांगतो. आणि लिनक्सला 'नसलेली रॅम देऊ नकोस' असं बजावणारी ओव्हरकमिटची सेटिंग २ वर ठेवली आहे, म्हणजे रॅम कमी पडली तर एका क्वेरीला एरर येते, सगळा सर्व्हर पडत नाही.

आता रोज सकाळी साडेसातला, नाष्ट्याच्या गर्दीआधी, एक छोटी स्क्रिप्ट चार आकडे आमच्या ग्रुपवर पाठवते: डिस्क किती मोकळी, वॉलचा फोल्डर केवढा, सगळ्यात जुनं उघडं ट्रान्झॅक्शन किती वेळचं, आणि प्रत्येक स्लॉट किती मागे. चारातला तिसरा आकडा अजूनही अधूनमधून लाल येतो, आणि कोण स्क्रीन लॉक करून घरी गेलं ते सगळ्यांना माहीत असतं.

रात्रीचा तो पुसून-लिहायचा प्रोग्राम मात्र अजून तसाच आहे. सेकंड इयरच्या दोघींनी तो घेतला आहे, फक्त त्या दिवसाच्या नोंदी जोडायच्या अशा बेताने. जुळा सर्व्हरही पुन्हा लावायचाय. त्यासाठी लॅबच्या पीसीवर चिकटपट्टीने कागद लावला आहे: 'फॉरमॅट करण्याआधी मेस ग्रुपला विचारा.'